इंटरनेटवरचे फोन: आवाज तुटतो, एकाच बाजूनं येतो, अर्ध्या मिनिटात कटतो, यावर सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीचं ऑफिस, पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाऊस. ऑफिसात १४ आणि पॅकहाऊसला १० एक्स्टेंशन. जुना ईपीएबीएक्स (ऑफिसातलं फोन एक्सचेंज) काढून अंबडला आयपी पीबीएक्स (तेच काम इंटरनेटच्या पद्धतीनं करणारं यंत्र) बसवला, बाहेरच्या कॉलसाठी १० चॅनेलची सिप ट्रंक (टेलिफोन कंपनीची इंटरनेटवरची लाईन, एका वेळी दहा कॉलची) घेतली आणि पॅकहाऊसचे फोन इंटरनेटवरून अंबडच्या पीबीएक्सला जोडले. तेव्हापासून तीन तक्रारी आहेत. दुपारी आवाज तुटतो. पॅकहाऊसचं बोलणं ऑफिसात ऐकू येतं, पण ऑफिसचं तिकडे पोचत नाही. आणि बाहेरून आलेले काही कॉल अर्ध्या मिनिटात आपोआप कटतात. इंटरनेट ५० एमबीपीएसचं १०० केलं, तरी फरक नाही. आता २०० घ्यावं का?

नको. २०० घेतलंत तरी तिन्ही तक्रारी जशाच्या तशा राहतील. पहिली तक्रार रांगेची आहे, बाकीच्या दोन चुकीच्या पत्त्याच्या आहेत. प्लॅनचा आकडा यातल्या एकीलाही हात लावत नाही.

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे २०० चा विषय संपेल. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याच्या पद्धतीत) आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येकी ८ बिटचे, म्हणजे ६४ केबीपीएस. फोन दर २० मिलिसेकंदांनी एक पॅकेट पाठवतो, त्यात १६० बाइट आवाज. त्यावर पत्ता आणि क्रम सांगणाऱ्या वेष्टणांचे, म्हणजे आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट चढतात, झाले २००. इथरनेटचे १८ धरले की २१८. सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे ८७ केबीपीएस. फायबरवर लॉगिन पीपीपीओईचं (युजरनेम-पासवर्डचं) असेल तर आणखी ८ बाइट, ९० केबीपीएस धरा. इतकंच जाताना आणि इतकंच येताना. ट्रंकचे दहाच्या दहा चॅनेल भरले तर ९०० केबीपीएस. पॅकहाऊसशी एकाच वेळी पाच कॉल चालू असले तर त्याचे आणखी साडेचारशे. सगळं मिळून दीड एमबीपीएससुद्धा होत नाही. तुमची जुनी ५० ची लाईनच याच्या तीसपट मोठी होती.

मग आवाज का तुटतो? जुन्या पीआरआय, म्हणजे डिजिटल टेलिफोन लाईनवर प्रत्येक कॉलला स्वतःची जागा राखून ठेवलेली असे. २ एमबीपीएसच्या त्या लाईनमध्ये ३० कॉल, आणि दर १२५ मायक्रोसेकंदांनी प्रत्येकाच्या ८ बिटांची पाळी ठरलेली. कोणी बोलत नसलं तरी जागा रिकामी जायची, पण दुसऱ्याला मिळत नसे. पॅकेटच्या जाळ्यात राखीव असं काही नसतं. आवाजाचं २०० बाइटचं पॅकेट आणि कॅमेऱ्याचं १५०० बाइटचं पॅकेट एकाच रांगेत उभी राहतात. पिंपळगावकडून येणारा महामार्ग कितीही रुंद केला, तरी द्वारका चौकात कंटेनरच्या मागे अडकलेल्या मोटारसायकलला त्याचा उपयोग नाही. अडकण्याची जागा रुंदी बदललेल्या रस्त्यावर नाहीच.

तुमच्याकडे ती जागा बहुधा पॅकहाऊसच्या राउटरची बाहेर जाणारी बाजू आहे, म्हणजे अपलोड. आकडे मांडून पाहू. समजा अपलोड २० एमबीपीएस आहे. आठ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसनं अंबडला किंवा क्लाउडला चित्र पाठवताहेत, ते झाले १६. दुपारी पॅकिंग जोरात असताना दहा-बारा जण वायफायवर, त्यांच्या मोबाइलचे फोटो बॅकअपला चढताहेत. २० चा कोटा भरला. राउटर आता जास्तीची पॅकेटं फेकून देत नाही, बफरमध्ये साठवतो. बफर १ एमबीचा असेल, म्हणजे ८० लाख बिटांचा, तर २० एमबीपीएसनं तो रिकामा व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात. आवाजाचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. पलीकडच्या फोनमधला जिटर बफर (पुढेमागे येणारी पॅकेटं एकसारखी करणारा साठा) साधारण २० ते ६० मिलिसेकंद वाट पाहतो; त्यानंतर आलेलं पॅकेट पोचलेलं असूनही वाया जातं. ऐकणाऱ्याला शब्दांचे तुकडे ऐकू येतात. स्पीड टेस्ट मात्र उत्तम दिसते, कारण ती एकूण माल किती गेला ते मोजते, वेळेवर गेला का ते मोजत नाही.

अंतराचा यात काही वाटा नाही, हेही सांगून ठेवतो, कारण सर्व्हर मुंबईला आहे म्हणून उशीर होतो अशी समजूत असते. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. नाशिक ते मुंबई केबल वळणावळणानं ३०० किलोमीटर गेली असं धरलं तरी दीड मिलिसेकंद. बाकीचा सगळा उशीर रांगांचा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंत एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. पॅकेट भरण्याचे २०, जिटर बफरचे ४०, नेटवर्कचे १५-२०, फोन आणि पीबीएक्सच्या कामाचे थोडे, असे मिळून ८०-९० होतात. रांग लागली नाही तर तुम्ही आरामात आत आहात. उशीर २५०-३०० च्या वर गेला की दोघं एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात, आणि "हॅलो, ऐकू येतंय का" सुरू होतं.

हे तपासायचं कसं? पॅकहाऊसच्या एका कॉम्प्युटरला केबलनं राउटरशी जोडा, वायफाय बंद ठेवा. अंबडच्या पीबीएक्सच्या पत्त्यावर पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावा, पॅकेटचा आकार १७२ बाइट, संख्या ५००. १७२ मध्ये पिंगचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की बरोबर २०० होतात, आवाजाच्या पॅकेटइतके. सकाळी सातला एकदा करा, दुपारी तीनला पुन्हा, आणि तिसऱ्यांदा एखादी मोठी फाइल मुद्दाम अपलोड करत असताना. सरासरीकडे फार पाहू नका. कमाल आणि किमान यातला फरक पहा. सकाळी ८ ते १२ मिलिसेकंद आणि अपलोड चालू असताना ३००-४०० दिसलं, तर रोग सापडला. पॅकेटं गळण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत हवं. एक टक्क्याला कान टवकारतात, तीनच्या वर गेलं की व्यवहाराचं बोलणं अवघड होतं. अपलोड नसतानाही गळती दिसत असेल, तर दोष लाईनमध्ये किंवा आतल्या वायरिंगमध्ये आहे. मग तोच पिंग पॅकहाऊसच्या स्वतःच्या राउटरला लावा. तिथेही गळती असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करू नका, आधी केबल पहा.

उपाय असा. राउटर असा हवा की ज्यात बाहेर जाणारा वेग बांधता येतो आणि रांगेचं व्यवस्थापन एफक्यू-कोडेल किंवा केक पद्धतीनं होतं. मोजलेला अपलोड १८ एमबीपीएस आला तर मर्यादा १६ ला बांधा, म्हणजे ८५ ते ९० टक्के. हे दोन एमबीपीएस सोडताना लोकांचा जीव खालीवर होतो, पण रांग इंटरनेट कंपनीच्या डब्यात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागावी यासाठीच ते सोडायचे. तुमच्या राउटरमधली रांग तुमच्या हुकमात असते. मग आवाजाला पहिली पाळी द्या. फोन आणि पीबीएक्स दोन्हीकडे आवाजाच्या पॅकेटांवर डीएससीपी (पॅकेटची निकड सांगणारा आकडा) ४६ आणि सिपच्या संदेशांवर २४ हा शिक्का लावा, आणि राउटरला सांगा की ४६ ला सगळ्यात पुढे सोड. हा शिक्का तुमच्या राउटरच्या बाहेर इंटरनेटवर कोणी पाळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्याचं काम तुमच्या हद्दीत, पण गर्दीही तिथेच होते. हेच सगळं अंबडलाही करा, कारण पॅकहाऊसला जाणारा आवाज अंबडच्या अपलोडमधून निघतो. कॅमेऱ्यांना दूरच्या चित्रासाठी सबस्ट्रीम (कमी दर्जाचं दुसरं चित्र) द्या, ५१२ केबीपीएस पुरतं. पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग पॅकहाऊसमधल्या डीव्हीआरवरच राहू द्या. एवढं एक केलंत तरी दुपारची अर्धी तक्रार जाईल.

आतल्या वायरिंगकडे वळतो, कारण पॅकहाऊसमध्ये ते सगळ्यात दुर्लक्षित असतं. कॅट सिक्स केबलची मर्यादा दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्डसह १०० मीटर. प्रीकूलिंगच्या मागे फिरवून नेलेली केबल सहज ११०-१२० मीटर होते, आणि मग फोन कधी चालतो, कधी नाही. बाजारात स्वस्तात मिळणारी केबल बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. फोनला वीज त्याच केबलमधून जाते. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, त्यामुळे लांबच्या फोनपर्यंत व्होल्टेज पुरेसं पोचत नाही, आणि कॉल आल्यावर स्क्रीन उजळून रिंग सुरू झाली की फोन रीस्टार्ट होतो. ओळखायला सोपं आहे: टोक सोलून तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी चमक दिसली की ॲल्युमिनियम. शुद्ध तांब्याचीच केबल घ्या. कोल्ड स्टोरेजच्या दाराजवळ आरजे-४५ च्या पिनांवर दव साचून हिरवा गंज चढतो, म्हणून फोन आणि सॉकेट दोन्ही थंड खोलीच्या बाहेर, दारापासून दोन-तीन मीटर दूर लावा. खोलीच्या आत वायफायचा फोन चालवायचा प्रयत्न सोडा; पफ पॅनेलच्या दोन्ही अंगांना पत्रा असतो, सिग्नल आत जातच नाही.

पीओई स्विच (केबलमधूनच वीज देणारा) घेताना पोर्टच नव्हे तर एकूण वॅट पहा. ८०२.३ एएफ मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅटपर्यंत देतो, फोन प्रत्यक्षात ३ ते ६ वॅट खातो. दहा फोनला ६० वॅट पुरतात, पण त्याच स्विचवर आठ कॅमेरे चढवलेत तर आणखी ५०-६० लागतात. स्विचवर वेगाची सेटिंग दोन्ही टोकांना ऑटो ठेवा. एका टोकाला कोणीतरी १०० फुल डुप्लेक्स पक्कं करून ठेवतो, दुसरं टोक ऑटोवर राहतं, आणि ते गोंधळून हाफ डुप्लेक्सला (एका वेळी एकाच बाजूनं पाठवण्यावर) उतरतं. कमी गर्दीत सगळं ठीक चालतं, गर्दी वाढली की पॅकेटं आपटतात. स्विचच्या पोर्टवर लेट कोलिजनचा आकडा वाढताना दिसला की हेच.

फोनसाठी वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं जाळं) करा. कॉम्प्युटर फोनच्या मागच्या पोर्टमधून जोडत असाल तरी फोन स्वतःची पॅकेटं वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाकू शकतो, आणि स्विचमध्ये एलएलडीपी (उपकरणांनी एकमेकांना माहिती देण्याची सोय) चालू असेल तर त्याला ते आपोआप कळतं.

आता दुसरी तक्रार, एका बाजूनंच आवाज येण्याची. इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण वरवर सेटिंग चाळून हा दोष निघत नाही.

कॉल जोडताना सिप ही संदेशांची पद्धत वापरतात, बोलणं मात्र त्या वाटेनं जात नाही. सिपच्या संदेशात एक चिठ्ठी असते, एसडीपी नावाची. "माझा आवाज या पत्त्यावर, या पोर्टवर पाठवा" असं तीत लिहिलेलं असतं. पॅकहाऊसचा फोन राउटरच्या आत बसलेला आहे. त्याला स्वतःचा आतला पत्ताच ठाऊक, म्हणून तो चिठ्ठीत १९२.१६८.१.५० असं काहीतरी लिहितो. राउटर संदेशाच्या पाकिटावरचा पत्ता बदलून सार्वजनिक करतो, पण आतली चिठ्ठी तशीच राहते. अंबडचा पीबीएक्स चिठ्ठी उघडतो, १९२.१६८.१.५० वाचतो आणि ऑफिसचा आवाज तिकडे पाठवू लागतो. तो पत्ता इंटरनेटवर अस्तित्वातच नाही. म्हणून ऑफिसचा आवाज पॅकहाऊसला पोचत नाही. उलट बाजूनं पीबीएक्सनं स्वतःचा सार्वजनिक पत्ता बरोबर दिला असेल तर पॅकहाऊसचा आवाज येतो. तुमचं लक्षण अगदी हेच आहे.

त्यात भर घालणारं आणखी एक कारण, जे नाशिकपुरतं नाही, सगळीकडे दिसतं: दोन्ही जागी राउटर आले तसे लावले जातात, आणि दोन्हीकडे १९२.१६८.१ हीच पत्त्यांची मालिका असते. मग पीबीएक्सला वाटतं, १९२.१६८.१.५० तर आपल्याच ऑफिसात आहे. क्वचित त्या पत्त्यावर ऑफिसातला प्रिंटर असतो, आणि साहेबांचा आवाज प्रिंटरकडे जात राहतो. म्हणून पहिलं काम, पॅकहाऊसची मालिका बदला. १९२.१६८.२० ठेवा, फोनच्या व्हीलॅनला १९२.१६८.२१. ऑफिसची राहू द्या.

दुसरं काम, पीबीएक्समध्ये पॅकहाऊसच्या प्रत्येक एक्स्टेंशनसाठी सिमेट्रिक आरटीपी चालू करा. त्यामुळे पीबीएक्स चिठ्ठीवर विसंबत नाही. आवाजाचं पहिलं पॅकेट ज्या पत्त्यावरून आणि पोर्टवरून आलं, तिथेच उत्तर पाठवतो. अ‍ॅस्टरिस्कवर चालणाऱ्या पीबीएक्समध्ये याच्याच शेजारी फोर्स आरपोर्ट आणि रीराइट कॉन्टॅक्ट या दोन खुणा असतात, त्याही चालू करा, आणि डायरेक्ट मीडिया बंद करा. डायरेक्ट मीडिया चालू राहिली तर कॉल जोडल्यावर पीबीएक्स मधून बाजूला होतो आणि दोन फोनना थेट एकमेकांशी बोलायला सांगतो. दोन वेगवेगळ्या राउटरच्या आत बसलेल्या फोनना ते जमत नाही.

तिसरं, दोन्ही राउटरमधला सिप एएलजी बंद करा. चिठ्ठीतला पत्ता आपणच दुरुस्त करून देऊ असा त्याचा हेतू असतो, पण बहुतेक राउटर अर्धवट दुरुस्ती करतात, आणि वर पीबीएक्सनं केलेली दुरुस्तीही बिघडवतात. फायबरचा ओएनटी (फायबर येऊन मिळते तो कंपनीचा डबा) स्वतःही राउटरचं काम करत असेल आणि त्याच्या मागे तुमचा राउटर असेल, तर पत्ता दोनदा बदलतो. ओएनटी ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो पत्ता न बदलता पॅकेट नुसतं पुढे देईल.

आता तिसरी तक्रार. घड्याळ लावून पहा: कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कटतो का? तसं असेल तर शोधायला फार हिंडावं लागणार नाही. बाहेरून कॉल आला, ऑफिसात कोणी उचलला, की पीबीएक्स ट्रंकवाल्याला "उचलला" असा २०० क्रमांकाचा संदेश पाठवतो. ट्रंकवाल्यानं त्याला पोच द्यायची असते. ती पोच कुठे पाठवायची, तो पत्ता पीबीएक्सनं संदेशातल्या कॉन्टॅक्ट ओळीत दिलेला असतो. तिथे आतला पत्ता असेल तर पोच हरवते. पीबीएक्स तोच संदेश पुन्हा पाठवतो: आधी अर्ध्या सेकंदानं, मग एका, दोन, चार सेकंदांनी, आणि पुढे दर चार सेकंदांनी. २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, म्हणजे सिपच्या मानकात, मूळ वेळ ५०० मिलिसेकंद धरली आहे आणि तिच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद, वाट पाहायला सांगितली आहे. पोच आली नाही की पीबीएक्स कॉल तोडतो. दरम्यान दोन्हीकडे बोलणं व्यवस्थित चालू असतं, म्हणून कोणाला कारणच समजत नाही.

वायरशार्क या पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॉल पकडला तर हे डोळ्यांनी दिसतं: एकाच कॉलमध्ये २०० चा संदेश दहा-अकरा वेळा, मध्ये पोच एकही नाही, आणि शेवटी बाय, म्हणजे कॉल तोडण्याचा संदेश. संदेश उघडून कॉन्टॅक्टची ओळ वाचा; १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता दिसेल. पीबीएक्सच्या सिप सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता म्हणून तुमचा स्टॅटिक आयपी भरा, आणि स्थानिक नेटवर्क म्हणून फक्त ऑफिसच्या मालिका भरा (पुढे टनेल टाकलात की पॅकहाऊसच्याही). सगळ्या १९२.१६८ ला स्थानिक म्हणण्याचा सोपा मार्ग घेऊ नका. ट्रंकवाल्याच्या बाजूला आतले पत्ते असले तर त्याच खड्ड्यात पुन्हा पडाल.

कट होण्याची वेळ ३२ सेकंद नसून १५ किंवा ३० मिनिटं असेल तर कारण वेगळं: सेशन टायमर. ठरावीक मुदत १८०० सेकंद असते आणि निम्म्यावर, ९०० सेकंदांना, कॉल जिवंत आहे का याची विचारणा होते. ती विचारणा राउटर अडवत असेल तर कॉल जातो. आणि फोनवरून बाहेर कॉल लागतो, पण काही मिनिटं शांत ठेवल्यावर आत येणारा कॉल वाजत नाही, असं असेल तर राउटरनं यूडीपीची नोंद (त्या फोनपर्यंतच्या वाटेची) पुसली आहे. अनेक राउटर ती ३० ते ६० सेकंदांतच पुसतात, तर फोन पुन्हा नोंदणी करतो तासाभरानं. फोनमध्ये कीपअलाइव्ह २० सेकंदांना लावा.

हे सगळे उपाय चालतात, पण पॅकहाऊससाठी माझं मत टनेलच्या बाजूनं आहे. अंबडच्या आणि पिंपळगावच्या राउटरमध्ये वायरगार्डचा टनेल (इंटरनेटमधून दोन जागा जोडणारा खाजगी मार्ग) टाका, म्हणजे पत्त्यांचं भाषांतर हा प्रकारच मधून निघून जातो आणि बोलणं कूटबद्धही होतं. पॅकहाऊसच्या लाईनला सार्वजनिक पत्ता नसला तरी अडत नाही. राउटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. अशा वेळी टनेलची सुरुवात पॅकहाऊसकडून करायची आणि कीपअलाइव्ह २५ सेकंद. स्टॅटिक आयपी अंबडला असला की पुरे. टनेलचं ओझं धरून जी.७११ चा एक कॉल सुमारे ११५ केबीपीएस होतो, पाच कॉलचे पावणेसहाशे. वरचा दीड एमबीपीएसचा हिशेब यानं थोडा सरकतो, कोलमडत नाही. एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४२० ठेवा. आवाजाची पॅकेटं लहान असल्यानं त्यांना फरक पडत नाही, पण बरेच कोडेक जाहीर करणारा सिपचा इन्व्हाइट संदेश १३०० बाइटच्या वर गेला तर यूडीपीवर तुकडे होऊन हरवू शकतो. लक्षण असं की काही फोनवरून कॉल लागतच नाही आणि बाकीच्यांवरून लागतो. फोनमध्ये नको असलेले कोडेक काढून टाका किंवा सिप टीसीपीवर न्या.

कोडेकविषयी दोन शब्द. ट्रंकवर भारतात जी.७११ चा ए-लॉ प्रकार चालतो. पीबीएक्समध्ये म्यू-लॉ पहिला असेल तर ए-लॉ वर घ्या, नाहक रूपांतर टळेल. आतल्या कॉलना जी.७२२ द्या. तोही ६४ केबीपीएसच घेतो, पण साध्या फोनसारखा ३४०० हर्ट्‌झला न थांबता ७००० पर्यंतचा आवाज पोचवतो. व्यवहारात याची किंमत मोठी आहे. बॉक्सची संख्या सांगताना "सात" आणि "साठ" यात फरक करणारा आवाज क्षणभराचा असतो, आणि अरुंद पट्ट्यात तोच पुसट होतो. जी.७२९ लाईनवर ३१ केबीपीएसमध्ये बसतो, पण तुमच्याकडे जागेची टंचाई नाही, आणि त्यात एक पॅकेट गळलं तरी जास्त जाणवतं. पॅकहाऊसची फायबर तुटून ४जी राउटरवर चालवायची वेळ आली, तेवढ्यापुरता तो राखून ठेवा. व्हीएडी, म्हणजे शांततेत पॅकेट न पाठवण्याची सोय, बंदच ठेवा. शब्दाचं पहिलं अक्षर खाते. बँकेच्या आयव्हीआरला दाबलेले आकडे कळत नसतील तर डीटीएमएफ (दाबलेल्या आकड्यांचे सूर) आरएफसी ४७३३ वर, पेलोड १०१ वर ठेवा. काही मेनूत त्याचं जुनं नाव, २८३३, लिहिलेलं असतं.

जुनी तांब्याची ०२५३ ची लाईन गेटवेच्या (जुनी लाईन पीबीएक्सला जोडणाऱ्या डब्याच्या) एफएक्सओ पोर्टवर जोडून ठेवली असेल तर एक दोष हमखास येतो: समोरच्यानं फोन ठेवला तरी लाईन सुटत नाही. गेटवेमध्ये देश भारत निवडा. आपला बिझी टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद. गेटवे अमेरिकेच्या टोनवर ठेवलेला असेल तर तो आपला टोन ओळखत नाही. या पोर्टला वीज-प्रतिबंधक आणि नीट अर्थिंग हवं. मे-जूनच्या वळवाच्या गडगडाटात पहिला बळी तोच जातो. पॅकहाऊसच्या दोन शेडमध्ये तांब्याची लॅन केबल उघड्यावरून नेली असेल तर तीही बदलून फायबर टाका, याच कारणासाठी.

वीज. जुन्या फोनला एक्सचेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून लाईट गेली तरी तो चालायचा. आता ओएनटी, राउटर, स्विच, पीबीएक्स यातलं एक जरी बंद पडलं तरी सगळे फोन मुके. ऑफिसचे १४ फोन धरून हा भार ११० ते १२० वॅट होतो. कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती एवढ्या भाराला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं देते. १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर लावा, पाच-सहा तासांची चिंता मिटेल. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलाच्या क्षणी राउटर रीस्टार्ट होतो आणि चालू कॉल जातात. आणीबाणीत ११२ लावायला दोन्ही ठिकाणी एक मोबाइल चार्ज करून ठेवा. पॅकहाऊसचा कॉल अंबडच्या ट्रंकवरून बाहेर पडतो, त्यामुळे नंबरवरून तुमचा पत्ता पिंपळगावचा असल्याचं कळणार नाही.

सुरक्षेत एकच गोष्ट कधीही करू नका: पीबीएक्सचा ५०६० हा सिपचा पोर्ट सगळ्या जगाला उघडा ठेवू नका. तो उघडला की काही तासांत पासवर्ड शोधणारी यंत्रं टकटक करू लागतात. एक्स्टेंशन १०१ चा पासवर्ड १०१ असेल तर रात्रीतून परदेशी नंबरांवर कॉल जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं. ५०६० फक्त ट्रंकवाल्यानं दिलेल्या पत्त्यांना उघडा. पॅकहाऊस टनेलमधून येतं, त्याला उघडा पोर्ट लागतच नाही. आवाजाचे पोर्ट, अ‍ॅस्टरिस्कमध्ये बहुधा १०००० ते २००००, तेही दहा-पंधरा कॉलसाठी २०० पुरतात, तेवढेच ठेवा. पासवर्ड १६ अक्षरांचे, आणि आयएसडी फक्त निर्यात विभागाच्या दोन-तीन एक्स्टेंशनना, तेही पिन लावून.

कायद्याच्या बाजूनं, तुमच्या दोन जागांमधला आतला कॉल स्वतःच्या टनेलवरून नेण्यात अडचण नाही. बाहेरच्या फोनशी जोडणी मात्र परवाना असलेल्या कंपनीच्याच ट्रंकवरून व्हायला हवी. स्वस्त पडतं म्हणून मोबाइलची सिमं गेटवेत घालून परदेशातून येणारे कॉल फिरवून देण्याचा प्रस्ताव कोणी आणला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. तो गुन्हा आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. आज संध्याकाळी एएलजी बंद आणि पीबीएक्समध्ये बाहेरचा पत्ता. ३२ सेकंदांचे कट लगेच थांबतील. उद्या कॅमेरे सबस्ट्रीमवर, आणि दोन्हीकडे पिंगची नोंद. रविवारी पॅकहाऊसची पत्त्यांची मालिका बदला आणि टनेल टाका. मालिका बदलली की तिथले फोन, कॅमेरे, प्रिंटर सगळे पुन्हा लावावे लागतात, चार-पाच तास हाताशी ठेवा. वेगाची मर्यादा टनेल झाल्यावर बांधा, कारण टनेलचं ओझं धरूनच आकडा ठरवायचा असतो. टनेलमध्ये गेल्यावर आतल्या पॅकेटवरचा ४६ चा शिक्का बाहेरच्या पॅकेटवर उतरतो का, हे राउटरमध्ये तपासा. उतरत नसेल तर आवाजाला टनेलमध्ये शिरण्याआधीच पुढची पाळी द्यावी लागते. केबल बदलणं, शेडमधली फायबर आणि स्विच ही कामं जानेवारी ते एप्रिलच्या हंगामात काढू नका. ती मेच्या सुरुवातीला, पहिला वळीव पडायच्या आत उरका.